पालटाची रात्र

पत्रे न वाचता बाजूला ठेवण्याचा दुर्गुण आमच्या अंगी फार जुना आहे. सेमिनरीत असतानाच रेक्टरांनी तो हेरला होता आणि त्यावरून दोन वेळा आमची कानउघाडणीही केली होती. धर्मग्रामाच्या कार्यालयात आमच्या मेजाच्या डाव्या कोपऱ्यावर वेताची एक टोपली असते. लग्नाच्या तारखा, दफनभूमीच्या कुंपणाचे अंदाजपत्रक, शाळेचे दाखले असे निकडीचे कागद मेजावर राहतात. 'सावकाश पाहू' या जातीचे कागद टोपलीत जातात. २०२४ च्या जून महिन्यात एक इंग्रजी पत्र या टोपलीत गेले. ते मेजावर राहिले असते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

धर्मग्रामाला लागून धर्मभगिनींचे चाळीस खाटांचे रुग्णालय आहे. त्याच्या विश्वस्त मंडळाचे सचिवपद गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि सचिव म्हणून बाहेरचा पत्रव्यवहार आमच्याच नावे येतो. रुग्णांच्या नोंदी, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या कोठाराचा हिशेब हे सारे २०२१ पासून संगणकावर आहे. मात्र या नोंदी ज्या यंत्रांत राहतात, ती यंत्रे रुग्णालयात नाहीत. ती 'क्लाउड'मध्ये आहेत, असे आम्हाला सांगण्यात आले होते. क्लाउड म्हणजे ढग. आमच्या वसईत आषाढात ढगांची वाण नसते, म्हणून आरंभी या शब्दाचे आम्हाला हसूच आले. पुढे कळले की, हा ढग चांगला जमिनीवर असतो. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती आहेत. त्यांत संगणकांच्या रांगा उभ्या असतात, त्यांना थंड ठेवणारी अजस्र यंत्रे अहोरात्र घोंघावत असतात, आणि वीज गेलीच तर डिझेलची जनित्रे आपोआप सुरू होतात. असे एकच केंद्र असून भागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. हे दोन दिवस ज्यांना आठवतात, त्यांना दुसरे केंद्र शेकडो किलोमीटर दूर, हैदराबाद किंवा चेन्नईसारख्या शहरात का ठेवतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पत्र आम्हाला ही सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे होते. मजकूर दीड पानांचा. जुलैतील एका शनिवारी मध्यरात्रीनंतर एक ते पाच या वेळेत मुंबईच्या केंद्रावरचे सर्व काम हैदराबादच्या केंद्राकडे वळवून पाहण्यात येईल, या चाचणीस 'फेलओव्हर टेस्ट' म्हणतात, ग्राहकांच्या सेवेत कोणताही व्यत्यय अपेक्षित नाही, असे पहिल्या पानावर होते. दुसऱ्या पानावर आकड्यांचा एक तक्ता होता. पहिले पान आम्ही वाचले. 'फेल' हा शब्द दिसताच आमच्या मनाने निवाडा करून टाकला की, देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची जी सूचना महावितरणकडून अधूनमधून येते, तिच्याच कुळातील हे पत्र आहे. त्या शनिवारी जनित्रात डिझेल भरून ठेवावे, अशी चिठ्ठी आम्ही रुग्णालयाच्या वायरमनला धाडली आणि एक काम हातावेगळे केल्याचे समाधान मानले. दुसरे पान आम्ही वाचले नाही.

त्या रात्री वीज एक क्षणही गेली नाही.

पाऊस मात्र मुसळधार होता. रात्री दीडच्या पुढे सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने रिक्षातून रुग्णालयात आणले. ओल्या ओट्यावर पाय घसरून ते पडले होते आणि डोक्याला मागच्या बाजूस खोक पडली होती. ते पूर्ण शुद्धीवर होते, बोलत होते, पाणी मागत होते. रात्रपाळीचे डॉक्टर तरुण, पण सावध. त्यांनी बरोबर आलेल्या पत्नीला विचारले, "काकू, यांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"हृदयाच्या," काकू म्हणाल्या. "सकाळी एक पांढरी, रात्री एक गुलाबी. आणखी एक आहे, ती अर्धी मोडून द्यायची असते."

डॉक्टरांना नेमके त्या अर्ध्या गोळीचे नाव हवे होते. ती रक्त पातळ ठेवणारी असेल, तर वरून साधी दिसणारी डोक्याची जखमही आतल्या आत जिवावर बेतू शकते, आणि मग सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णाला स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ हलवावे लागते. गोळ्या आमच्याच औषधालयातून दरमहा जात होत्या. नाव, मात्रा, तारीख, सारे संगणकात होते. सिस्टरांनी नोंदणी क्रमांक घातला. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले आणि ते फिरतच राहिले. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा लावला, शेजारच्या वॉर्डातल्या संगणकावर जाऊन पाहिले. तिथेही तेच वर्तुळ.

दोन वाजता आमचा फोन वाजला. छत्री घेऊन आम्ही आवार ओलांडून गेलो. आमच्या जाण्याने तिथे काय होणार होते? त्या गृहस्थांचा मुलगा एका शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन गोळ्या आणायला घरी निघाला होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, डिझेलची चिठ्ठी तुम्ही पाठवली होती. त्या पत्रात आणखी काही होतं का?"

आम्ही कार्यालयात परतलो, टोपली उपडी केली आणि सव्वादोन वाजता पत्राचे दुसरे पान वाचले. तक्त्याखाली एकच ओळ होती: चाचणीपूर्वी ग्राहकांनी वरील नवे पत्ते आपल्या फायरवॉलमध्ये समाविष्ट करून घ्यावेत. त्याखाली, अडचण आल्यास संपर्क साधावा म्हणून एक दूरध्वनी क्रमांक होता. तो आम्ही फिरवला. फोन घेणारा गृहस्थ सौजन्याने बोलला; पण फायरवॉलचा परवलीचा शब्द ज्याच्याजवळ, तो आमचा संगणक दुरुस्त करणारा कंत्राटदार त्या रात्री गावी गेला होता, आणि त्याचा फोन बंद होता.

मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे घेऊन आला तेव्हा तीन वाजायला आले होते. अर्धी मोडायची ती गोळी रक्त पातळ करणारीच निघाली. रुग्णवाहिका लगेच निघाली. मोठ्या रुग्णालयातील स्कॅनमध्ये मेंदूजवळ थोडा रक्तस्राव दिसला. तो वेळेत आटोक्यात आला. आज ते काठी टेकत रविवारच्या मिस्सेला येतात आणि बाहेर पडताना आमची विचारपूस करतात. परंतु ती मधली पन्नास मिनिटे आमच्या खाती जमा आहेत, आणि ती पुसण्याचा कोणताही उपाय आम्हाला ठाऊक नाही.

पहाटे पाच वाजता संगणक आपोआप पूर्ववत झाला. सहाच्या मिस्सेला आलेल्या लोकांना काही घडल्याचा पत्ताही नव्हता. सोमवारी कंपनीचे दुसरे पत्र आले: चाचणी यशस्वीरीत्या पार पडली, सहकार्याबद्दल आभार.

या 'यशस्वी' शब्दाने आम्हाला जो संताप आला, तो आमच्या वयाला आणि झग्याला शोभणारा नव्हता. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत दोन मते पडली. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी संगणक काढून टाकून जुन्या फायली परत आणाव्यात असे सुचवले; दुसऱ्यांनी कंपनी बदलावी म्हटले. आमचेही मत दुसऱ्याकडे झुकत होते. पण आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये अभियंता आहे. आठवड्यातून चार दिवस ती घोडबंदरमार्गे कंपनीच्या बसने जाते, रात्रपाळी करून येते आणि मिस्सेत मागच्या बाकावर बसून पेंगते. तिच्या या पेंगण्यावरून आम्ही तिला एकदा टोकलेही होते. तिला आम्ही बोलावले. पत्राची दोन्ही पाने तिने उभ्याउभ्याच वाचली.

"फादर, चाचणी खरंच यशस्वी झाली," ती म्हणाली. "त्यांच्या बाजूची. तुमच्या बाजूची चाचणीही झाली. ती नापास झाली, एवढंच."

मग तिने समजावून सांगितले ते असे. रुग्णालयाच्या संगणकांच्या वेशीवर एक पहारेकरी असतो. त्यालाच फायरवॉल म्हणतात. कोणाकडे जायचे आणि कोणाला आत घ्यायचे, याची यादी त्याच्याजवळ असते. मुंबईच्या केंद्राचा पत्ता त्या यादीत होता, हैदराबादचा नव्हता. एक वाजता काम तिकडे वळले, तेव्हा आमच्या पहारेकऱ्याने इमानाने सर्वांची वाट अडवली. त्याने कर्तव्यच केले, यादी देणाऱ्याने केले नाही. दुसरी गोष्ट तिने तपासून काढली ती आम्हाला अधिक नवलाची वाटली. संगणक दूरच्या यंत्राला नावाने हाक मारतो. त्या नावाचा पत्ता तो एका निर्देशिकेतून विचारून घेतो आणि उत्तराची चिठ्ठी काही काळ खिशात ठेवतो. ही चिठ्ठी किती वेळ खरी मानायची, हे आधी ठरवलेले असते. आमच्याकडे रुग्णालयात बसवलेल्या यंत्रात हा अवधी पूर्ण एक दिवसाचा होता. म्हणजे पहारेकऱ्याने वाट सोडली असती, तरी कित्येक संगणक दुसऱ्या रात्रीपर्यंत जुन्याच दारावर टकटक करत बसले असते. चाचणीच्या आदल्या दिवशीच हा अवधी पाच मिनिटांवर आणून ठेवायचा असतो. तिसरी गोष्ट प्रयोगशाळेतील. तिथल्या यंत्रात नावाऐवजी थेट आकडी पत्ता टाकून ठेवला होता. कोणीतरी कधीतरी घाईत तसे केले असावे. असल्या यंत्राला निर्देशिका बदलल्याचे कधीच कळत नाही.

आम्ही तिला विचारले की, जे सुरळीत चालले आहे, ते मुद्दाम बंद करून पाहण्याचा हा उपद्व्याप करायचाच कशाला? या प्रश्नावर ती किंचित हसली आणि तिने दोन हकिगती सांगितल्या. आम्ही पुढे त्या स्वतः वाचून पडताळल्या.

पहिली आपल्या मुंबईची. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपारी बाराच्या आधीच ठप्प झाले, आणि ते पुन्हा सुरू व्हायला पावणेचार वाजले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दूरसंचाराच्या जोडण्यांत बिघाड झाला होता. या बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते. पण काम तिकडे वळवले गेले नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम घालून दिला की, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करावी आणि त्यापुढील पंचेचाळीस मिनिटांत, गरज पडल्यास पर्यायी केंद्रावरून, कामकाज सुरू करावे. मग शनिवार, २ मार्च २०२४ रोजी, सुट्टीच्या दिवशी, खास बाजार भरवण्यात आला. सकाळी सव्वानऊ ते दहा नेहमीच्या केंद्रावरून, आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून. खरे पैसे, खरे व्यवहार. मुंबई शेअर बाजारानेही त्याच दिवशी तसेच केले. दलालांना आणि गुंतवणूकदारांना वेळा आधी कळवल्या होत्या, भावातील चढउताराला त्या दिवसापुरती पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती. १८ मे रोजी असाच आणखी एक शनिवार झाला. आमच्यासारख्या माणसाला शेअर बाजाराशी काय कर्तव्य? परंतु त्या शनिवारची व्यवस्था आम्हाला आवडली. चूक झाली तर ती थोडक्यात व्हावी, दिवसाउजेडी व्हावी आणि सर्व जण जागे असताना व्हावी, एवढा विचार त्यामागे होता.

दुसरी हकिगत दक्षिण कोरियाची. तिथे 'काकाओटॉक' नावाची निरोपांची सेवा आहे. आपल्याकडे व्हॉट्सॲप तसे तिथे ते. निरोपच नव्हे, तर पैसे देणे, टॅक्सी बोलावणे, नकाशे हे सारे त्याच कंपनीकडे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दुपारी सोलजवळ पांग्यो येथील डेटा सेंटरच्या तळघरातील बॅटऱ्यांना आग लागली. काकाओचे सुमारे ३२ हजार संगणक त्या एका इमारतीत होते. त्यांची नक्कल अन्यत्र होती. पण काम एका जागेवरून दुसरीकडे वळवण्याची जी साधने, ती तेवढी पांग्योतच होती. म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या दाराची किल्ली जळत्या खोलीतच राहिली. सर्व सेवा पूर्ववत व्हायला साडेपाच दिवसांहून थोडी कमी, १२७ तास ३० मिनिटे लागली. कंपनीच्या एका सहप्रमुखांनी पायउतार होऊन लोकांची क्षमा मागितली. कोणत्याही निरुपद्रवी शनिवारी एकदा खरोखर पालट करून पाहिला असता, तर ही उणीव पहिल्या तासातच उघडी पडली असती, असे ती मुलगी म्हणाली.

हे ऐकल्यावर कंपनी बदलण्याचा आमचा आग्रह मावळला. जी कंपनी असली चाचणी घेतच नाही, तिच्याकडे जाऊन आम्ही काय साधणार होतो? तरीही तक्रार उरलीच, आणि ती आम्ही लेखी केली. आमच्या आयुष्यातील हे पहिले पत्र असेल, की जे लिहिण्यापूर्वी आम्ही समोरच्याचे पत्र चार वेळा वाचले. 'व्यत्यय अपेक्षित नाही' या वाक्यावर आमचा मुख्य आक्षेप होता. हे वाक्य लिहिणाराचे रक्षण करते. वाचणाऱ्याला मात्र ते झोपवते. आणि ज्या एका ओळीवर सारे अवलंबून होते, ती दुसऱ्या पानावर तक्त्याखाली, मुंगीच्या अक्षरात! शनिवारची रात्र निवडण्याबद्दलही आम्ही लिहिले. त्या वेळी ग्राहकांची वर्दळ सर्वांत कमी असते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. कार्यालये बंद, दुकाने बंद. पण हजार ग्राहकांची सरासरी काढली म्हणजे त्यात रुग्णालयाचा अपघात विभाग दिसेनासा होतो. आमच्याकडे शनिवारी रात्री रुग्ण जास्त असतात आणि माणसे कमी. आणि त्या पत्रात आम्ही आमची चूकही लिहिली: दुसरे पान वाचले नव्हते, आणि चाचणीनंतर काय बिघडले ते कळवण्याचा जो अर्ज सोबत होता, तो भरला नव्हता. आम्ही न कळवल्यामुळेच त्यांच्या हिशेबात आमची रात्र आली नव्हती.

उत्तर लवकर आले, आणि ते सरळ होते. सर्वांसाठी वेळ बदलता येणार नाही, परंतु पुढच्या चाचणीच्या आधी एखाद्या दुपारी फक्त आमच्या रुग्णालयाची जोडणी हैदराबादकडे वळवून अर्धा तास पाहता येईल, असे त्यांनी कळवले. अशी सोय मागणाऱ्याला मिळते. न मागणाऱ्याला ती असल्याचेही कळत नाही.

पुढची चाचणी २०२५ च्या फेब्रुवारीत होती. या खेपेस पत्र टोपलीत गेले नाही. मुलीच्या मदतीने त्याचा मराठी मजकूर करण्याचे काम आम्ही अंगावर घेतले, कारण ज्यांनी त्या रात्री संगणकापुढे बसायचे, त्यांपैकी निम्म्यांना ते इंग्रजी पेलणारे नव्हते. 'फेलओव्हर'ला काय म्हणावे, यावर दोन संध्याकाळी गेल्या. सेमिनरीत लॅटिनचे तर्जुमे करताना एवढा घाम आम्हाला फुटला नव्हता. 'अपयश-अंतरण' असे काहीतरी आम्ही लिहिले, तेव्हा सिस्टरांनी ते वाचून विचारले, "म्हणजे आमची ड्यूटी बदलते, तसंच ना हे?" तसेच होते ते! रात्रीची परिचारिका जाते, सकाळची येते. पण नुसते येणे-जाणे झाले म्हणजे पाळी बदलली असे होत नाही. जाणारी खाटेगणिक सांगते, येणारी वहीत वाचते, मगच पहिली घरी जाते. मध्ये कोणी रुग्ण आला, तर तो दोघींच्या मधल्या फटीत पडू नये, यासाठी हे सारे. यंत्रांतही ही फट असते; एका केंद्रावरच्या नोंदी दुसऱ्यावर पोहोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून पालटाच्या ऐन आधीच्या काही मिनिटांतील नोंदी नव्या जागी दिसतात की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. आम्ही 'पालट' हा शब्द ठेवला. सिस्टर मात्र अखेरपर्यंत 'बदली ड्यूटी' म्हणत राहिल्या, आणि रुग्णालयात तोच शब्द रूढ झाला.

नवे पत्ते पहारेकऱ्याच्या यादीत घातले. कंत्राटदाराने परवलीचा शब्द लिफाफ्यात घालून, मोहोर करून मुख्य सिस्टरांच्या कपाटात ठेवला. यास तो प्रथम नाखूष होता. प्रयोगशाळेच्या यंत्रातील आकडी पत्ता काढून तिथे नाव घातले. मग एका गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्यापुरती रंगीत तालीम झाली आणि तीत औषधालयाचा एक संगणक अडला. त्याच्या खिशात अजून जुनीच चिठ्ठी होती. तो बंद करून लावल्यावर चालू लागला. हे दुपारी कळले म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. वॉर्डात असलेल्या आणि नेहमी औषधे नेणाऱ्या रुग्णांच्या गोळ्यांची यादी चाचणीच्या संध्याकाळी कागदावर छापून घ्यायची, हे सिस्टरांनी स्वतःच ठरवले होते. त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची त्यांना गरज पडली नाही. त्या जुन्या परिचारिका आहेत. २०२१ साली संगणक आले तेव्हा त्यांनी आपली निळी वही बंद केली नव्हती, आणि त्याबद्दल आम्हीच त्यांना 'दुहेरी काम कशाला?' असे म्हटले होते. ते वाक्य आम्ही त्यांच्यासमोर परत घेतले.

चाचणीच्या रात्री आम्ही साडेबारालाच अपघात विभागात जाऊन बसलो. ऐरोलीची मुलगी त्या रात्री कामावर होती, तिच्या स्वतःच्या केंद्रात. ग्राहकांच्या झोपेची काळजी घेणाऱ्यांनाही जागावे लागते, हा विचार आम्हाला आधी कधी शिवला नव्हता. मागच्या बाकावरच्या पेंगण्याबद्दल आता आम्ही तिला काही म्हणत नाही. एक वाजून बारा मिनिटांनी पडदा गोठला. तेच वर्तुळ. आमच्या पोटात गोळा आला. सिस्टरांनी चष्मा लावला, निळी वही ओढली आणि समोर ताप घेऊन आलेल्या मुलाचे नाव शाईने लिहिले. एक वाजून सोळा मिनिटांनी वर्तुळ थांबले आणि नोंदी उघडल्या. आम्ही ठरवल्याप्रमाणे पाहत गेलो: एक वाजून पाच मिनिटांनी घातलेली एका रुग्णाची नोंद होती; प्रयोगशाळा चालू होती; औषधालय चालू होते. आम्ही सुस्कारा टाकला, आणि तेवढ्यात क्ष-किरण खोलीतला मुलगा धावत आला. त्याचा संगणक बंद होता.

हा संगणक एका दानशूर कुटुंबाने मागील नाताळात दिलेला. देणगी असल्यामुळे तो खरेदीच्या नोंदवहीत नव्हता, म्हणून आमच्या यादीत नव्हता, म्हणून गुरुवारच्या तालमीत त्याला कोणी हातही लावला नव्हता. आम्ही अर्ज घेतला आणि 'काय बिघडले' या रकान्यात तसे लिहिले. मग पत्रातला क्रमांक फिरवला. या वेळी तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला होता. पलीकडून हैदराबादहून एका तरुणाचा आवाज आला. हिंदीत त्याने विचारले की, यंत्राच्या मागे एक स्टिकर असेल, त्यावरचा क्रमांक सांगाल का? सिस्टर टॉर्च घेऊन मेजाखाली शिरल्या आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागल्या, आणि आम्ही तो फोनवर सांगत गेलो.